तेंडुलकरांचं अर्धं चरित्र तुमच्या कपाटात आहे

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ, महाराष्ट्र शासन

विषय : विजय तेंडुलकर यांच्या नाटकांसंबंधीचे जुने कागद अभ्यासासाठी खुले करण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

विषयाची ओळ मुद्दाम सरकारी थाटात लिहिली आहे, म्हणजे टपालाच्या गठ्ठ्यातून पत्र निदान बाहेर तरी निघेल. पुढचं मात्र मी जसं बोलतो तसंच लिहिणार आहे. मी हौशी रंगभूमीवरचा प्रॉम्प्टर. तीसेक वर्षं विंगेत उभं राहून, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात पेन्सिल-टॉर्च धरून, दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजण्यात गेली. श्रेयनामावलीत माझं नाव शेवटून दुसरं असतं, 'चहा व्यवस्था'च्या जरा वर.

आधीच सांगतो, मी तक्रार घेऊन आलेलो नाही. आमच्या संस्थेच्या संहिता तुमच्याकडे गेल्या आणि प्रमाणपत्र मिळून परत आल्या. 'सेन्सॉर झालं का रे?' हे आमच्या तालमीत 'लुगड्यांना इस्त्री झाली का?' इतक्याच सहज विचारलं जातं. तुमचं पूर्ण नाव कुणी घेत नाही. 'परिनिरीक्षण' म्हणताना भलेभले नट अडखळतात, आणि तेही तालीम न करता.

तर मुद्दा असा. प्रॉम्प्टर आणि सेन्सॉर हे दोघे नाटक एका वेगळ्याच तऱ्हेने वाचतात. प्रेक्षक ऐकतो, नट पाठ करतो, समीक्षक आठवून लिहितो. पेन्सिल हातात धरून, ओळीवर बोट ठेवून, अक्षर न् अक्षर वाचणारे आपण दोघेच. मी नट कुठे अडकेल ते बघत वाचतो आणि तुम्ही समाज कुठे अडकेल ते बघत वाचता, एवढाच काय तो फरक. माझ्या वह्यांमधल्या खुणांना कवडीची किंमत नाही. तुमच्या मंडळाच्या जुन्या प्रतींवरच्या खुणांना मात्र फार मोठी आहे, आणि त्यातही एका माणसाच्या संहितांवरच्या. त्यांच्यासाठी हे पत्र.

माझी तेंडुलकरांशी पहिली गाठ पडली तीच चुकीने. 'शांतता! कोर्ट चालू आहे' आम्ही स्पर्धेसाठी घेतलं होतं आणि प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. तोवर मी जी नाटकं सांभाळली होती त्यांत नट थांबला म्हणजे विसरला, एवढं सोपं गणित असे. तेंडुलकरांच्या छापील पानावर बघावं तिकडे टिंबं. वाक्य सुरू होतं, तीन टिंबं, मग एक शब्द, पुन्हा टिंबं. प्रयोगाच्या रात्री आमची बेणारे, म्हणजे नाटकाची नायिका, एका जागी थांबली. मी मनात पाच मोजले आणि पुढचा शब्द फेकला, तोही असा की तिसऱ्या रांगेपर्यंत पोचावा. तिने वाक्य पूर्ण केलं, प्रवेश निभावला आणि विंगेत आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, मी विसरले नव्हते. तेंडुलकर थांबले होते." त्या रात्रीपासून त्यांच्या नाटकात टिंब दिसलं की मी टॉर्च मिटतो.

ही टिंबं आली कुठून, याचा विचार पुढे बरीच वर्षं डोक्यात राहिला. माणूस मुळात बातमीदारीच्या धंद्यातला. घरात नाटकाचं वातावरण होतं. वडील, धोंडोपंत, कारकुनी सांभाळून छोटासा प्रकाशनाचा व्यवसाय करत आणि नाटकाचं वेडही त्यांना होतं. विजयने अकराव्या वर्षी पहिलं नाटक लिहून स्वतःच बसवलं. चौदाव्या वर्षी, १९४२ च्या चळवळीत, शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं शिक्षण वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत झालं. 'मराठा', 'लोकसत्ता' अशा ठिकाणी त्यांनी नोकऱ्या केल्या, सदरं लिहिली, ललित लेख लिहिले. सुरुवातीचं 'गृहस्थ' हे नाटक असं आपटलं की पुन्हा नाटक लिहायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. हा निश्चय त्यांनी पाळला नाही. १९५० च्या दशकातच 'श्रीमंत' आलं, त्यात कुमारी मातेचा प्रश्न होता. 'माणूस नावाचे बेट' आलं. १९६० मध्ये विजया मेहतांच्या पुढाकाराने 'रंगायन' ही नाट्यसंस्था सुरू झाली आणि तेंडुलकरांना हवी तशी माणसं भेटली. मोठ्या आवाजात बोलायची ज्यांना गरज वाटत नव्हती अशी.

बातमीदाराचा कान त्यांना नाटकातही उपयोगी पडला. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करायला निघालेल्या एका हौशी मंडळीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं आणि तिथून 'शांतता!'चा धागा मिळाला, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. आमच्यासारखीच मंडळी ती. म्हणजे नाटकातल्या हौशी संस्थेतले, सोनार मोती टेनेमेंटवाले, ते सगळे काशीकर, सुखात्मे, पोंक्षे कुणी परके नव्हेत. त्यांच्या बॅगा, त्यांचे टोमणे, कुणाला किती वाक्यं मिळाली याचे हिशेब, सगळं आमच्या दौऱ्याच्या गाडीतलं. खटला भरायचा होता अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर, अण्वस्त्रांवरून. वेळ काढायला म्हणून लुटुपुटीचा दुसरा खटला उभा राहतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात येते बेणारेबाई. आरोप भ्रूणहत्येचा. पहिल्याच प्रवेशात दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं, प्रेक्षक हसतात आणि विसरून जातात. पुढे तिला बाहेर पडायचं असतं तेव्हा तीच कडी बाहेरून लागलेली असते. न्यायाधीश झालेले काशीकर भर न्यायदानात कानकोरण्याने कान साफ करत असतात. मंडळी, नाटकातलं सगळ्यात हिंसक पात्र कोण असं मला विचाराल तर मी त्या कानकोरण्याकडे बोट दाखवीन.

हे १९६७ साल. सुलभा देशपांडे बेणारे, अरविंद देशपांडे दिग्दर्शक. तेव्हा तेंडुलकर ३९ वर्षांचे होते. तिथून पाच वर्षांत त्यांची चार नाटकं रंगभूमीवर आली आणि मराठी प्रेक्षकाच्या चार पिढ्यांना पुरेल एवढं भांडण झालं. 'शांतता!', १९७० मध्ये 'गिधाडे', १९७२ च्या मार्चमध्ये 'सखाराम बाइंडर' आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'घाशीराम कोतवाल'. आणि यातल्या मधल्या दोन नाटकांच्या गोष्टीत तुमचं मंडळ एक पात्र म्हणून येतं. बोलणारं, निर्णय घेणारं, पण ज्याच्या बाजूची संहिताच हरवली आहे असं पात्र.

'गिधाडे' लिहून झाल्यावर बरीच वर्षं तसंच पडून होतं. बाप, दोन मुलगे, एक मुलगी, घर आणि पैसा. कुणी कुणाचं नाही आणि प्रत्येकाची नजर दुसऱ्याच्या वाट्यावर. डॉ. श्रीराम लागूंनी ते दिग्दर्शित केलं. भाऊच बहिणीला लाथा घालून तिचा गर्भ पाडतात, आणि पातळावर दिसतो तांबडा डाग. त्या डागावर आक्षेप आला. पुढे जे झालं ते नाटकवाल्यांच्या तीन पिढ्या हसत सांगत आल्यात. डाग निळा करण्यात आला आणि पडदा उघडण्याआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की पातळावर दिसणारा निळा डाग कृपया तांबडा समजावा.

मीही हा किस्सा चहाच्या कपाबरोबर पन्नास वेळा सांगितला असेल. दरवेळी हशा येतो. पण अलीकडे सांगताना मी मध्येच थांबतो. कारण मला दुसरीच बाजू दिसायला लागली आहे. एक खोली असेल. टेबलाभोवती चारपाच सुशिक्षित माणसं, साहित्यातली, नाटकातली, कारण तुमच्या मंडळावर नेमणुका अशाच लोकांच्या होतात. त्यांनी 'गिधाडे' ओळीवर बोट ठेवून वाचलं. त्यात दोन भाऊ बापाला दारू पाजून त्याच्याकडून पैशाचा पत्ता काढतात, शिव्या आहेत, विकार आहेत, गर्भ पाडणं आहे. हे सगळं वाचून ती माणसं कुठे थांबली तर रंगापाशी. का? रक्त दिसणं हा प्रश्न होता, की बाईचं रक्त दिसणं हा? सगळे एकमताचे होते, की एखादा म्हणाला असेल, 'अहो, जाऊ द्या, नाटकच तसं आहे'? निळ्याची तडजोड मान्य करताना कुणाच्या चेहऱ्यावर हसू होतं का? लागूंनी आपली बाजू 'लमाण'मध्ये लिहिली. तुमची बाजू कुणीच लिहिली नाही. कागदावर असेल तर ती तुमच्या फायलींतच असणार.

'सखाराम'चंही तसंच. कमलाकर सारंगांनी नाटक उभं केलं, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. छापखान्यात बाइंडिंगची कामं करणारा हा सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो, नियम सांगून ठेवतो आणि लग्न या गोष्टीला तोंडाला येईल ते बोलतो. काही प्रयोग झाले, आणि मग तुमच्या मंडळाने कापायच्या जागांची लांबलचक यादी पुढे केली. ती मान्य केली असती तर नाटकाचा कणाच गेला असता. सारंग उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सोडवून आणलं. त्या दिवसांचं सगळं त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये मांडलंय. कोर्टाच्या पायऱ्या, पैशाची ओढाताण, बाहेरचा आरडाओरडा.

पण मला हवी आहे ती यादी. अख्खी. कारण ती यादी म्हणजे १९७२ सालच्या मराठी मध्यमवर्गाचा क्ष-किरण आहे. शिव्यांवर खूण असणार, अंगलगटीवर असणार, हे मीही सांगू शकतो. मला बघायचंय ते वेगळंच. लक्ष्मी स्वयंपाकघरात मुंगळ्याला साखर घालते आणि त्याच्याशी बोलत बसते, त्या पानावर कुणाची पेन्सिल टेकली होती का? नवऱ्याने टाकलेली, देवभोळी, मुंगळ्याशी सुखदुःखाचं बोलणारी ही बाई शेवटी चंपाच्या प्रेताशेजारी उभी राहून खड्डा खणायची घाई करते. माझ्या मते त्या नाटकातली खरी भयंकर जागा ती. शिव्यांची यादी करणाऱ्याला ती दिसली होती का? दिसली असेल तर तुमच्या मंडळात एक फार मोठा समीक्षक बसला होता आणि आपल्याला त्याचं नावही ठाऊक नाही. दिसली नसेल तर तेही कळायला हवं.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने बोलायलाच हवी, कारण आमच्यात तुम्हाला सरसकट झोडायची रीत आहे. तेंडुलकरांना सगळ्यात जास्त त्रास तुम्ही दिलात असं म्हणणं खोटं ठरेल. 'घाशीराम' १६ डिसेंबर १९७२ ला पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात उभं राहिलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, मोहन आगाशे नाना फडणवीस. ब्राह्मणांच्या रांगेचा तो माणसांचाच पडदा, डोलणारा, उघडणारा, मिटणारा आणि पाठीमागचं सगळं झाकणारा. १९ प्रयोग झाले आणि नाटक थांबलं. ते थांबवलं सादर करणाऱ्या संस्थेनेच, पीडीएच्याच (प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनच्या) ज्येष्ठांनी. मग पोरं बाहेर पडली, १९७३ मध्ये थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि नाटक पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर निघालं तेव्हा पुन्हा गदारोळ झाला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. नानांची बदनामी झाली म्हणणारे एकीकडे, ब्राह्मणांची झाली म्हणणारे दुसरीकडे. हे नाटक ऐतिहासिक नाही, असं तेंडुलकर सांगत राहिले, आणि ऐकणारे 'मग घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात १७९१ मध्ये दगडांनी ठेचून मारला गेला नव्हता काय?' असं विचारत राहिले.

पुढे 'कन्यादान' आलं, १९८३ मध्ये. समाजवादी घरातली मुलगी, दलित कवी नवरा, मार खाणारी बायको आणि तत्त्वांपायी मुलीला त्याच घरी परत धाडणारा बाप. यावेळी रागावलेली माणसं अगदी वेगळी होती. या नाटकासाठी तेंडुलकरांवर चप्पल फेकली गेली आणि याच नाटकासाठी त्यांना १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. पुरस्कार घेताना त्यांनी चपलेचीही आठवण काढली. मला स्वतःला 'कन्यादान' पूर्ण पटत नाही. अरुण आठवले या माणसाला तेंडुलकरांनी जेवढा राग दिला तेवढं मागचं आयुष्य दिलं नाही, असं ते प्रॉम्प्ट करताना दरवेळी वाटतं. पण नाथ देवळालीकर हा बाप मात्र माझ्या ओळखीच्या किमान चार घरांत राहतो.

सांगायचं हे की तेंडुलकरांचा वाचक कायम भांडत होता. संस्थेचे अध्यक्ष, मोर्चेवाले, पुरोगामी, सनातनी, सगळे भांडले, आणि त्यांची सगळ्यांची भांडणं छापून आली. अग्रलेख आहेत, पत्रकं आहेत, वाचकांचा पत्रव्यवहार आहे. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांत बारकाईने ज्यांनी वाचलं ते तेवढे गप्प आहेत. नेहरू शिष्यवृत्तीवर तेंडुलकर १९७३ पासून दोन वर्षं समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास करत फिरले. त्यांच्या चरित्रात हे प्रकरण नेहमी येतं. पण त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या संहितेला ज्या बंद खोलीत हात लावला गेला, तिथलं एक पानही चरित्रात येऊ शकत नाही.

तुलना करतो, राग मानू नका. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये आलं. कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. सरकारला ते पचायला जरा वेळ लागला आणि १९१० मध्ये बंदी आली. त्या सरकारचे कागद आज अभ्यासकाला बघायला मिळतात. साहेबाने नाटकाचं भाषांतर करून घेतलं, काय समजला, कशाला घाबरला, हे वाचता येतं. म्हणजे परक्या सरकारला खाडिलकर किती कळले याचा हिशेब लागतो, आणि आपल्याच माणसांना तेंडुलकर किती कळले याचा लागत नाही.

खुद्द इंग्लंडात लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीत प्रत्येक नाटक आधी दाखवावं लागे. १९६८ मध्ये कायद्याने ती पद्धत संपवली. पण संहिता, वाचकांचे अहवाल, पत्रव्यवहार हे सगळं त्यांनी जाळलं नाही. ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलंय आणि अभ्यासक तिथे बसून वाचतात. त्या अहवालांत हास्यास्पद शेरे आहेत आणि कमालीचे समजदारही आहेत. नाटक कापायला बसवलेला माणूस नाटकाच्या प्रेमात पडलेला दिसतो, आणि नोकरी म्हणून तरीही कापतो. इंग्रजी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्या कागदांवाचून पुढे जाताच येत नाही. आपण त्यांच्याकडून पूर्वपरीक्षणाची पद्धत घेतली. तिच्यासोबत कपाट जपायची सवयही घ्यायला हवी होती.

'पूर्वपरीक्षण हवंच कशाला?' हा प्रश्न मी का विचारत नाही, असं तुमच्या मनात आलं असेल. विचारणारे आहेत. २०१६ मध्ये अमोल पालेकर त्यासाठी उच्च न्यायालयात गेले. नाटकांवर बंदी घालणारा १८७६ चा केंद्रीय कायदा संसदेने रद्द करून टाकला, पण आपल्याकडे पोलिस कायद्याच्या आधाराने चालणारी ही व्यवस्था वेगळी आणि ती चालूच आहे. माझं मत विचाराल तर ती बंद व्हावी. पण तो वाद दोन वाक्यांत संपणारा नाही आणि या पत्रात तो घातला की तुम्ही माझी मूळ मागणीही त्याच फायलीत लावून मोकळे व्हाल. उद्या मंडळ राहो की जावो, कालचे कागद राहायला हवेत. किंबहुना मंडळ गेलं तर मला जास्तच भीती आहे, कारण कचेरी बंद होताना पहिल्यांदा रद्दीवाला येतो.

तर मागणी एवढीच. तेंडुलकरांच्या ज्या ज्या नाटकांच्या संहिता मंडळापुढे आल्या त्यांच्या तुमच्याकडच्या प्रती, सदस्यांचे शेरे, सुचवलेल्या काटछाटी आणि निर्मात्यांशी झालेला पत्रव्यवहार यांतलं आज काय शिल्लक आहे, ते मंडळाने जाहीर करावं. जे शिल्लक असेल ते मुंबईच्या पुराभिलेखागाराकडे सोपवावं. सार्वजनिक कागद जपण्यासाठी महाराष्ट्राने २००५ मध्ये स्वतंत्र कायदा केलेला आहे, तेव्हा त्यासाठी नवीन काही शोधून काढावं लागणार नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हे मला एकट्यालाही विचारता आलं असतं. पण अर्जाला उत्तर एका अर्जदाराला मिळतं, आणि मला हे कपाट सगळ्यांसाठी उघडायला हवंय.

जुन्या सदस्यांची अब्रू जाईल अशी शंका येत असेल तर नावं झाका. पन्नास वर्षांपूर्वी कोण कुठल्या शब्दावर अडखळलं याचा हिशेब मला माणसाशी चुकता करायचा नाही. आणि खरं सांगू? मला वाटतं अब्रू जाण्यापेक्षा राहण्याचीच शक्यता जास्त आहे. एखाद्या समासात कुणीतरी लिहिलेलं सापडेल की 'आक्षेपार्ह, परंतु असामान्य.' असा एक शेरा जरी निघाला तरी निळ्या डागाचा किस्सा आम्हाला वेगळ्या तऱ्हेने सांगावा लागेल.

तेंडुलकर १९ मे २००८ रोजी पुण्यात गेले. त्याआधीच्या काही वर्षांत घरातली जिव्हाळ्याची माणसं एकामागून एक गेलेली त्यांनी पाहिली होती. लिहिणं तरी थांबवलं नव्हतं. त्यांच्याबरोबर काम केलेली मंडळीही आता फारशी राहिली नाहीत. निळू फुले गेले, सुलभाताई गेल्या, डॉ. लागू गेले, लालनताई गेल्या. ज्यांना विचारता आलं असतं अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कागदाला तेवढं अजून विचारता येईल, वाळवीने आणि पावसाने सवड दिली तर.

या कामाला माणूस कमी पडत असेल तर मी येतो. निवृत्त आहे, अक्षर वाचता येतं, धुळीची सवय आहे आणि मानधनाची नाही. आमच्या ग्रुपमधली दोन पोरंही येतील, त्यांना फक्त दुपारचा चहा लागतो.

आणि एक शेवटची विनंती, ती मात्र प्रॉम्प्टर म्हणून. हे कागद स्कॅन करायला द्याल तेव्हा काम करणाऱ्याला बजावून सांगा की रंगीत करायचं. पैसे वाचवायला काळ्या-पांढऱ्यात केलं की पेन्सिलीची खूण कागदात जिरून जाते, दिसतच नाही. शिवाय जुन्या कचेऱ्यांत शेरे मारायला पेन्सिली दोन रंगांच्या असत, एका टोकाला तांबडी आणि दुसऱ्या टोकाला निळी. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारख्याच दिसतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक प्रॉम्प्टर